आयसी-३८ वारंवार हुकतेय? पंधरा-सतरा गुणांवर अडकलेल्यांसाठी दुरुस्ती

तक्रार ठरलेली असते. मोबाइलवरच्या सराव चाचण्यांत पन्नासपैकी चाळीस-बेचाळीस गुण पडतात आणि केंद्रावरच्या संगणकावर मात्र चौदा, सोळा, फार तर सतरा. विमा एजंटच्या या परीक्षेत ५० प्रश्न, ६० मिनिटं आणि पास व्हायला ३५ टक्के, म्हणजे १८ गुण लागतात. एका गुणानं गेलं म्हणून नशिबाला बोल लावला जातो, पुन्हा फी भरली जाते, पुन्हा तीच प्रश्नपेढी उघडली जाते आणि निकाल पुन्हा तिथेच येऊन थांबतो.

दोन-तीनदा एकाच ठिकाणी अडकणं हा योगायोग नाही. चार पर्यायांचे ५० प्रश्न डोळे मिटून सोडवले तरी सरासरी बारा-तेरा बरोबर येतात. म्हणजे सतरा गुणांमध्ये तुमच्या खऱ्या तयारीचा वाटा किती थोडा असू शकतो, ते पाहा. उजळणी वाढवून हे सुटत नाही, कारण उजळणी बहुतेक वेळा आधीच येणाऱ्या प्रश्नांची होते. आधी बिघाड कुठे आहे ते शोधायचं आणि मग तेवढंच दुरुस्त करायचं.

बिघाड कुठे आहे

कधीही न पाहिलेली ५० प्रश्नांची एक प्रश्नपत्रिका घ्या. मोबाइल बाजूला ठेवा, ६० मिनिटांचा गजर लावा आणि उत्तरं कागदावर लिहा. प्रत्येक उत्तराशेजारी एक खूण करा: पूर्ण खात्री असेल तर ‘ख’, दोन पर्यायांत अडकला असाल तर ‘दो’, निव्वळ अंदाज असेल तर ‘अं’. या खुणा उत्तर लिहितानाच करायच्या. नंतर केल्या तर मन आपल्याच बाजूनं साक्ष देतं.

तपासताना एकूण गुणांकडे नंतर बघा. आधी ‘ख’ खूण असलेली बरोबर उत्तरं मोजा. तेवढी तुमची भक्कम जमीन. तो आकडा १८ च्या खाली असेल तर परीक्षेला बसणं म्हणजे फी पणाला लावणं. मग ‘ख’ असूनही चुकलेले प्रश्न वेगळे काढा. सर्वांत धोकादायक हेच, कारण इथे तुम्ही चुकीची गोष्ट खात्रीनं पाठ केलेली आहे आणि ती पुढच्या वेळीही तशीच खात्रीनं लिहाल.

आता प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा. ती साधारण पाचच असतात: विषयच वाचलेला नव्हता, दोन संकल्पनांची गल्लत झाली, आकडा जुना किंवा चुकीचा होता, प्रश्न नीट वाचला नाही, छापील शब्दच कळला नाही. ज्या कारणाच्या नोंदी सर्वांत जास्त, तिथून काम सुरू करा. बहुतेकांना ‘वाचलेलं नव्हतं’ ही यादी सर्वांत मोठी निघेल असं वाटतं. प्रत्यक्षात गल्लत आणि आकडे यांचाच ढीग मोठा निघतो.

सरावात चाळीस, परीक्षेत सोळा

याचं कारण सरळ आहे. तोच संच तिसऱ्यांदा सोडवताना तुम्ही प्रश्न सोडवत नसता, ओळखत असता. ‘सागरी’ शब्द दिसला की बोट आपोआप दुसऱ्या पर्यायावर जातं. परीक्षेत प्रश्नाची मांडणी बदलते, पर्यायांचा क्रम बदलतो आणि ओळख तुटते.

यावर उपाय एकच, पण तो मनापासून करावा लागतो. पर्याय झाकून फक्त प्रश्न वाचा आणि उत्तर मोठ्यानं बोला. मग पर्याय उघडा आणि उरलेले तीन का चूक आहेत तेही एकेका वाक्यात सांगा. असे रोज १५ प्रश्न, साठ प्रश्नांवर नुसती नजर फिरवण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात. वेळ अर्थात जास्त लागतो, एका प्रश्नाला तीन-चार मिनिटं.

एक प्रश्न असा उलगडून पाहू. सागरी विम्यात विमायोग्य हित, म्हणजे वस्तू किंवा जीव गेला तर आपलं आर्थिक नुकसान होईल असं नातं, केव्हा असावं लागतं? पर्याय: पॉलिसी घेताना, नुकसान होताना, दोन्ही वेळी, कधीच नाही. उत्तर आहे नुकसान होताना. पाठांतर करणारा इथेच थांबतो. खरा अभ्यास पुढे आहे: असं का? कारण माल जहाजावर असतानाच कागदोपत्री विकला जातो. विमा काढला तेव्हा ज्याचा माल नव्हता, त्याचाच तो बुडताना असू शकतो. आता आगीचा विमा घ्या. घर विकलं आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावरच राहिली, तर आग लागली तेव्हा त्याचं काहीच जळलेलं नाही. म्हणून आगीच्या विम्यात हित दोन्ही वेळी लागतं. आणि जीवन विम्यात फक्त पॉलिसी घेताना. पत्नीनं पतीच्या आयुष्यावर विमा घेतला आणि नंतर घटस्फोट झाला, तरी तो करार कोसळत नाही. हे एक ‘का’ कळलं की तिन्ही प्रश्न हातात येतात, मग ते कसेही फिरवून विचारले तरी.

जोड्यांची गल्लत

परीक्षेतले बरेच गुण इथे सांडतात, म्हणून यावर सर्वांत जास्त वेळ द्या. विमाशास्त्रातल्या संकल्पना जोडीनं फिरतात आणि प्रश्न काढणारा नेमका जोडीदारालाच शेजारच्या पर्यायात बसवतो. वेगवेगळ्या पानांवर वाचलेल्या दोन व्याख्या स्वतंत्रपणे पाठ असतात, पण समोरासमोर आल्या की घोटाळा होतो.

एक वही फक्त जोड्यांसाठी ठेवा. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे एक संकल्पना, उजवीकडे दुसरी, आणि खाली एकच ओळ: ‘फरक ओळखायचा कसा’. व्याख्या उतरवू नका, फरक लिहा.

नॉमिनेशन आणि असाइनमेंट ही जोडी उदाहरण म्हणून पूर्ण भरून दाखवतो, कारण ब्रँचमध्ये रोज दोन्हींचे फॉर्म हाताळणारेही यात चुकतात. नॉमिनेशन विमा कायदा १९३८ च्या कलम ३९ खाली, असाइनमेंट कलम ३८ खाली. नॉमिनेशन फक्त स्वतःच्या आयुष्यावरच्या पॉलिसीवर होतं आणि पॉलिसीधारक ते हवं तेव्हा बदलू शकतो. नॉमिनीला जिवंतपणी पॉलिसीवर काही हक्क मिळत नाही. नॉमिनी अल्पवयीन असेल तर पैसे स्वीकारण्यासाठी अपॉइंटी नेमतात. असाइनमेंटमध्ये पॉलिसीतला हक्कच दुसऱ्याकडे जातो, सहीला साक्षीदार लागतो, कंपनीला नोटीस द्यावी लागते आणि देणाऱ्याला ती एकतर्फी मागे घेता येत नाही. घ्यायचीच झाली तर ज्याच्याकडे हक्क गेला त्यानं पुन्हा परत असाइन करावी लागते. आता प्रश्नाचा आवडता सापळा: असाइनमेंट केली की आधीचं नॉमिनेशन रद्द होतं, पण पॉलिसीवर त्याच विमा कंपनीकडून कर्ज घेताना तिच्याच नावे असाइनमेंट केली तर नॉमिनेशन टिकून राहतं. ‘फरक ओळखायचा कसा’ या ओळीत लिहा: हक्क आत्ता गेला का? गेला तर असाइनमेंट.

२०१५ च्या दुरुस्तीनं यात ‘लाभार्थी नॉमिनी’ आला. आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलं यांपैकी कुणाला नॉमिनी केलं तर त्यांना पैसे दुसऱ्यासाठी सांभाळणारा म्हणून नाही, तर स्वतःचे म्हणून मिळतात. जुन्या नोट्समध्ये हे सापडणार नाही.

इतर जोड्या थोडक्यात. संकट आणि धोका वाढवणारी स्थिती: आग हे संकट, जुनाट वायरिंग ही धोका वाढवणारी स्थिती. वायरिंग वस्तूची स्थिती आहे म्हणून ती भौतिक, आणि विमा आहे म्हणून मुद्दाम खोटा क्लेम करण्याची वृत्ती ही नैतिक. सब्रोगेशन आणि काँट्रिब्यूशन: पहिल्यात नुकसान करणाऱ्या तिसऱ्या माणसाकडून वसूल करण्याचा तुमचा हक्क कंपनीकडे जातो, दुसऱ्यात एकाच नुकसानीवर अनेक कंपन्या आपापला वाटा उचलतात. दोन्ही नुकसानभरपाईच्या तत्त्वातून निघालेली आहेत, म्हणून जीवन विम्याला दोन्ही लागू नाहीत. हे लक्षात असेल तर ‘जीवन विम्यात कोणतं तत्त्व लागू नाही’ हा प्रश्न कुठल्याही रूपात सुटतो. शून्य करार आणि शून्यकरणीय करार: पहिला मुळातच नाही, दुसरा फसवलेल्या पक्षाच्या मर्जीवर रद्द होतो.

वयाच्या पुराव्यांची जोडी आपल्याकडच्या लोकांना हमखास अडवते. शाळेचा दाखला, महापालिकेची जन्मनोंद, पासपोर्ट, पॅन कार्ड, सेवा पुस्तिका हे प्रमाणित पुरावे. रेशन कार्ड, जन्मपत्रिका, ग्रामपंचायतीचा दाखला, स्वतःचं प्रतिज्ञापत्र हे अप्रमाणित. गावाकडे काम करणाऱ्यांना ग्रामपंचायतीचा दाखला भक्कम वाटतो, कारण तिथे तो सगळीकडे चालतो. परीक्षेत तो दुसऱ्या रकान्यात टाकायचा.

आकडे जुने, खात्री मात्र पक्की

‘ख’ खूण असून चुकलेल्या उत्तरांमध्ये ही यादी लांबलचक निघते. कारण असं की फिरणाऱ्या पीडीएफ आणि व्हॉट्सॲपवरच्या नोट्स अनेक वर्षांपूर्वीच्या असतात आणि गेल्या दहा-बारा वर्षांत कायदा आणि नियम अनेकदा बदलले. कुठलीही नोट्स वापरण्याआधी पुढच्या गोष्टी त्यात काय दिल्या आहेत ते तपासा. दोन-तीन जुन्या निघाल्या तर ती नोट्स बाजूला ठेवा.

फ्री लूक, म्हणजे पॉलिसी हातात आल्यावर परत करण्याची मुदत. जुन्या साहित्यात १५ दिवस आणि इलेक्ट्रॉनिक किंवा दूरस्थ मार्गानं घेतलेल्या पॉलिसीला ३० दिवस. २०२४ च्या विनियमांनी ती सरसकट ३० दिवस केली.

विमा कायद्याचं कलम ४५. चुकीच्या माहितीच्या कारणावरून पॉलिसीवर आक्षेप घेण्याची मुदत आधी दोन वर्षांशी जोडलेली होती. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं, आणि त्यानंतर कोणत्याही कारणावरून आक्षेप नाही, अगदी फसवणुकीच्याही नाही.

कलम ४१, म्हणजे कमिशनमधून ग्राहकाला सूट देण्यावरची बंदी. जुना दंड पाचशे रुपयांपर्यंत, आता दहा लाख रुपयांपर्यंत. हा आकडा परीक्षेपुरता पाठ करू नका. पहिल्या हप्त्यातले पैसे परत मागणारा ग्राहक पहिल्याच महिन्यात भेटतो.

विमा लोकपाल किती रकमेपर्यंत निवाडा देऊ शकतो, हा आकडा दोनदा बदलला आहे: आधी २० लाख, २०१७ च्या नियमांनी ३० लाख, २०२३ पासून ५० लाख. ग्राहक आयोगांच्या मर्यादांचंही तसंच. १९८६ च्या कायद्यातले जिल्ह्यासाठी २० लाख आणि राज्यासाठी १ कोटी हे आकडे अजून नोट्समध्ये सापडतात. २०१९ चा कायदा आला, त्यातल्या मर्यादा २०२१ च्या अखेरीस पुन्हा बदलल्या, आणि आता जिल्हा आयोग ५० लाखांपर्यंत, राज्य आयोग त्यापुढे २ कोटींपर्यंत, त्यावर राष्ट्रीय आयोग. शिवाय ही मर्यादा मागितलेल्या भरपाईवर न मोजता ग्राहकानं मोजलेल्या किमतीवर मोजतात. उदाहरणातल्या क्लेमची रक्कम बघून आयोग ठरवणारे इथे फसतात.

आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ४८ महिने होता, तो २०२४ मध्ये ३६ महिने झाला. ज्या काळानंतर कंपनी माहिती लपवल्याचं कारण सांगून क्लेम नाकारू शकत नाही, फसवणुकीचा अपवाद वगळून, तो मोरेटोरियम आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आला. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य पॉलिसींच्या हप्त्यावर जीएसटी नाही. १८ टक्के धरून हप्ता काढायचा सराव केला असेल तर सोडून द्या.

आता खरी अडचण: परीक्षेत नवा आकडा विचारतील की जुना? प्रश्न भारतीय विमा संस्थेच्या अभ्यासक्रमावर निघतात. म्हणून कंपनीच्या प्रशिक्षणातून मिळालेलं किंवा संस्थेचं चालू आवृत्तीचं पुस्तक हाच आधार धरायचा. वहीत प्रत्येक बदलत्या आकड्यापुढे दोन्ही लिहा, जुना कंसात आणि नवा ठळक. पर्यायांत एकच आकडा ओळखीचा असेल तर प्रश्नच सुटतो. दोन्ही असतील तर तुमच्या चालू पुस्तकातला निवडा. ग्राहकासमोर मात्र नेहमी आजचा नियमच सांगायचा.

इतिहासाच्या सनावळीला यात फार वेळ घालवू नका. १८१८ ओरिएंटल, कलकत्ता. १८७० बाँबे म्युच्युअल, आपल्या मुंबईतली. १९३८ विमा कायदा. १ सप्टेंबर १९५६ एलआयसी. १९७२ सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण. १९९९ आयआरडीए, म्हणजे विमा नियामकाचा कायदा. एवढं एका ओळीत लिहून आरशाजवळ चिकटवलं तरी काम होतं.

गणितं: चारच प्रकार

‘गणित आलं की सोडून देतो’ असं ठरवणारे दोन-चार हमखास गुण फेकून देतात. प्रकार चारच आहेत आणि प्रत्येकाला एक ठरलेला सापळा आहे.

मानवी जीवन मूल्य, म्हणजे कमावता माणूस गेला तर कुटुंबाला लागणारी रक्कम. वर्षाला ४,८०,००० कमाई, त्यातले १,२०,००० स्वतःवर खर्च, व्याजदर ८ टक्के. कुटुंबाला मिळतात ३,६०,०००. तेवढं व्याज देणारी रक्कम म्हणजे ३,६०,००० भागिले ०.०८, म्हणजे ४५,००,०००. सापळा असा की पर्यायांत ६०,००,००० असतातच. स्वतःचा खर्च वजा करायला विसरलात की तेच उत्तर येतं.

पेड-अप मूल्य, म्हणजे हप्ते मधेच थांबवले तर उरणारी विमा रक्कम. विमा रक्कम ५,००,०००, वीस वार्षिक हप्त्यांपैकी आठ भरले. ८ भागिले २० गुणिले ५,००,००० म्हणजे २,००,०००. तोवर जमा झालेला बोनस १,२०,००० असेल तर एकूण ३,२०,०००. सापळा: भरलेल्या हप्त्यांची बेरीज म्हणजे पेड-अप, असा समज.

सरासरी, म्हणजे कमी रकमेचा विमा घेतल्यावर होणारी कपात. सोलापुरातल्या एका चादरींच्या दुकानात १० लाखांचा माल आहे, विमा ६ लाखांचा, आगीत २ लाखांचं नुकसान झालं. बरेच जण २ लाख लिहितात, कारण नुकसान विमा रकमेच्या आत बसतं. पण दुकानदारानं मालाच्या ६० टक्क्यांचाच हप्ता भरला आहे, उरलेल्या ४० टक्क्यांची जोखीम त्यानं स्वतःकडे ठेवली. त्यामुळे कंपनी देणार २ लाखांचे ६० टक्के, १,२०,०००. शेजारच्या पर्यायात ८०,००० दिसले तर ओळखा की तो दुकानदाराचा स्वतःचा वाटा आहे. घाईत तोच टिकला जातो.

काँट्रिब्यूशन. एका मालावर दोन कंपन्यांच्या ६ लाख आणि ४ लाखांच्या पॉलिसी, नुकसान १ लाख. वाटे ६०,००० आणि ४०,०००. दोघांकडून पूर्ण लाख मिळत नाही, कारण विम्यातून नफा होऊ नये हाच नुकसानभरपाईचा गाभा.

प्रत्येक प्रकाराची पाच गणितं आकडे बदलून स्वतः तयार करा आणि कच्च्या कागदावर सोडवा.

मराठी माध्यम घेतलं आणि शब्दच परके वाटले

ब्रँचमध्ये दिवसभर सरेंडर, लॅप्स, रिव्हायव्हल, अंडररायटिंग हेच शब्द कानावर पडतात. मराठी प्रश्नपत्रिकेत मात्र समर्पण मूल्य, पुनरुज्जीवन, जोखीम अंकन, अभिहस्तांकन असे शब्द समोर येतात. विषय येत असतो, पण वाक्याचा अर्थ लावण्यातच अर्धा मिनिट जातो. परीक्षेचं माध्यम नोंदणीच्या वेळीच ठरतं, म्हणून निर्णय आधी घ्या: ज्या भाषेतलं पुस्तक तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत खरोखर वाचणार आहात, तेच माध्यम. पुस्तक इंग्रजी, यूट्यूब हिंदी आणि परीक्षा मराठी, असा तिहेरी कारभार करू नका.

मराठी घेतलं असेल तर पुस्तकातले चाळीसएक शब्द वहीत उतरवा आणि प्रत्येकापुढे ब्रँचमधला बोलीतला शब्द लिहा. अर्थ लिहायची गरज नाही, तो तुम्हाला येतोच. रोज दहा शब्द, एका बाजूनं झाकून. चार-पाच दिवसांत हा अडथळा जातो, आणि पाचही कारणांमध्ये दुरुस्त व्हायला सर्वांत सोपं हेच आहे.

प्रश्न नीट न वाचणं

‘खालीलपैकी कोणतं लागू नाही’ यातला ‘नाही’ सुटतो आणि पहिलाच खरा पर्याय टिकला जातो. सवय लावा: प्रश्न वाचून झाला की त्याची शेवटची ओळ पुन्हा वाचायची, मगच पर्यायांकडे जायचं. प्रसंग दिलेले लांब प्रश्न तर खालूनच वाचायला सुरुवात करा. काय विचारलंय ते आधी कळलं की प्रसंगातली कामाची माहिती आपोआप डोळ्यांत भरते. ‘नेहमी’, ‘कधीही’, ‘फक्त’ असे शब्द असलेल्या पर्यायाला अपवाद सुचतो का, एवढं क्षणभर बघा.

वेळेची टंचाई या परीक्षेत नसते. प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात. पहिल्या फेरीत ३५ मिनिटांत सगळे ५० प्रश्न पाहून घ्या, अडलेल्यांवर नंतर पाहण्याची खूण करा. पुढची १५ मिनिटं त्यांना, शेवटची दहा ‘नाही’ असलेल्या प्रश्नांवर पुन्हा नजर टाकायला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा ठेवू नका. पण लिहिलेलं उत्तर बदलायचं असेल तर ठोस कारण सापडल्यावरच बदला, नुसत्या धाकधुकीनं नाही.

पुन्हा बसण्याआधीचे बारा दिवस

फील्डवर फिरणाऱ्याला सलग चार तास मिळत नाहीत आणि त्याची गरजही नाही. सकाळी ४५ मिनिटं नवं, रात्री २५ मिनिटं उजळणी. लक्ष्य १८ चं ठेवू नका, ‘ख’ खुणांसह ३० चं ठेवा. १८ वर बेतलेली तयारी दोन अवघड प्रसंग आणि थोडी धडधड एवढ्यानंच कोसळते.

पहिल्या दिवशी निदानाची प्रश्नपत्रिका. दुसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत तुमच्या यादीतलं सर्वांत मोठं कारण, सोबत रोज दहा शब्द किंवा दोन गणितं. ऑनलाइन २५ तासांचं प्रशिक्षण व्हिडिओ नुसता चालू ठेवून पूर्ण केलं असेल, तर हे दिवस त्याच धड्यांना द्या. तिथे राहिलेली पोकळी प्रश्नपेढीनं भरत नाही. जे शिकलात ते दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं वही न उघडता आठवून बघा आणि अडलं तरच उघडा. आठव्या दिवशी दुसरी कोरी प्रश्नपत्रिका, त्याच खुणांसह. ‘ख’ची बरोबर उत्तरं २५ च्या खाली राहिली तर तारीख पुढे घेता येते का ते ब्रँचमध्ये विचारा. शेवटचे दोन दिवस फक्त जोड्यांची वही आणि आकड्यांचं पान. नवी पीडीएफ उघडायची नाही, कुणी कितीही खात्रीनं पाठवली तरी.

केंद्रावर

अभ्यास चोख असूनही काही जण दारातूनच परत जातात, आणि कारण बहुतेक वेळा नावाचं असतं. लग्नानंतर आडनाव बदललं, आधारवर वडिलांचं नाव मधे आहे आणि पॅनवर नाही, नोंदणीत फक्त आद्याक्षर दिलं. नोंदणी कंपनीमार्फत होते, त्यामुळे फॉर्म भरतानाच ज्या ओळखपत्रावर जाणार त्याच्यावरचं नाव अक्षरशः तसंच घालायला सांगा. प्रवेशपत्र हाती आलं की त्याच दिवशी नाव, फोटो, माध्यम आणि विषय तपासा. जीवन विम्याऐवजी सर्वसाधारण अशी नोंद होऊन बसलेली असू शकते, आणि ती परीक्षेच्या सकाळी कुणीही दुरुस्त करून देत नाही. सोबत छापील प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र ठेवा, मोबाइलमधला फोटो चालेल असं धरू नका. घरून कॅमेऱ्यासमोर परीक्षा देत असाल तर खोलीत दुसरं कुणी नको, टेबलावर कागद नको, आणि आदल्या दिवशी त्याच वेळेला त्याच जागी इंटरनेट तपासून ठेवा.

पास झाल्यावर गुणपत्रक कपाटात ठेवून देऊ नका. पहिल्यांदा एजंट म्हणून नेमणूक घेण्यासाठी ते बारा महिनेच चालतं. ती मुदत टळली तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते. नेमणुकीचे कागद आणि पॅन त्याच आठवड्यात ब्रँचमध्ये देऊन पोच घ्या.